सोऱ्यातून धूप: घरगुती सुगंधाच्या कामाच्या नोंदी, २०२५

३ फेब्रुवारी

आजपासून वही. औषध कंपनीच्या तपासणी विभागात चौदा वर्षं काढली. तिथे जे वहीत नाही ते झालंच नाही असं धरायचे. नोकरी सुटली, खोड नाही सुटली.

काम असं: घरात लावायच्या धूपकांड्या. आत बांबूची काडी नाही, कोळशाच्या कच्च्या बत्तीवर ओतलेलं अत्तर नाही. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, ऊद यांची पूड मळून वळलेली कांडी. भांडवल तीस हजार. जागा मागची बाल्कनी, आणि दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघर.

सगळी भिस्त आईंवर, म्हणजे सासूबाईंवर. त्यांचं माहेर पंढरपूर. लहानपणी आळीतल्या बायका दुपारी ओसरीवर पाट घेऊन बसत आणि उदबत्त्या वळत. पैसे शेकड्यावर. आईंनीही वळल्या आहेत, नऊ-दहा वर्षांच्या असताना. बाजारातल्या दोन महागड्या पेट्या आणून मी नाकाशी धरल्या तेव्हा त्या सोफ्यावरून म्हणाल्या, "पेटीत नाक घालून काय कळणारे तुला? लाव एक, आणि जिना उतरून खाली जा. परत वर येशील तेव्हा दारात जो येतो ना, तो वास."

लिहून ठेवलं. चाचणी पद्धत क्रमांक १.

७ फेब्रुवारी

रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानी दीड तास. वाळ्याची मुळं दोन किलो, नागरमोथा एक किलो, कपूरकाचरी एक किलो, ऊद पाव किलो, राळ, गुग्गुळ, लवंग, दालचिनी थोडी थोडी. जिगट दोन किलो. जिगट म्हणजे झाडाच्या सालीची पूड. कोरडी असताना भुशासारखी दिसते, पाणी लागलं की बोटाला तार धरते. काडी नसलेल्या कांडीचा सगळा कणा हाच.

जटामांसी हातात घेतली आणि ठेवून दिली. हिमालयातून उपटून आणलेली मुळं, रानातलं प्रमाण घटत चाललेलं, आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं. माझ्यासारखीने कांडी वळायला ती संपवू नये. अगरुचं तर नावच नको. आसामच्या त्या झाडाला बुरशी लागली की आतलं लाकूड काळं आणि सुगंधी होतं, आणि मग त्याचा भाव सोनाराच्या काट्यावर करावा असा. गंमत म्हणजे 'अगरबत्ती' या शब्दात अगरु आहे, बाजारातल्या बहुतेक अगरबत्त्यांत नाही.

आपण मराठीत उदबत्ती म्हणतो. ऊद तरी आपला का? दुकानदाराने गोणीवर थाप मारून सांगितलं, "सुमात्रा." ऊद म्हणजेच लोबान. लोबान हा शब्द अरबी, 'लुबान जावी' म्हणजे जावाचा धूप. कापराचंही तेच. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुस नावाचं बंदर आहे, तिथल्या कापराला मलय लोक 'कापुर बारुस' म्हणतात, आणि माझी आजी भीमसेनी कापराला 'बरास' म्हणायची. देवघरातली म्हणून जी वस्तू उचलावी ती गलबतातून उतरलेली निघते. धंद्याच्या कागदात भाच्याने 'आशियाई वारसा' असं लिहिलं होतं, तेव्हा मी हसले होते. आता तसं हसू येत नाही.

१२ फेब्रुवारी

वाळा मिक्सरमध्ये दळला जात नाही. त्याचे केस होतात. भांड्याच्या पात्याला गुंडाळले जातात आणि मोटर जळका वास सोडते (हा वास विकायचा नाही). कोपऱ्यावरच्या मिरची-मसाला कांडपवाल्या काकांना गळ घातली. "वहिनी, मशीनला तिखट असतं, बघा हां," असं ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, पुसून घ्या.

१९ फेब्रुवारी

पहिला घाणा. वाळा ४० ग्रॅम, नागरमोथा २०, कपूरकाचरी १५, ऊद ५, जिगट २०, पाणी ८५ मिली. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट, चकलीच्या पिठापेक्षा सैल. अर्धा तास ओल्या फडक्याखाली. मग सोऱ्या.

सोऱ्या लग्नातला, पितळी. शेवेच्या चकतीतली पाच भोकं एम-सीलने बुजवून एकच ठेवलं, साधारण तीन मिलिमीटरचं. पहिली वीतभर कांडी सुरेख आली. नंतर दांडा फिरेना. उघडून पाहिलं तर वाळ्याच्या तंतूंची गुंतवळ भोकाशी बसलेली, न्हाणीच्या जाळीत केस बसतात तशी. म्हणजे चाळण पुरत नाही, वस्त्रगाळच हवं.

तरी अकरा कांड्या निघाल्या. ताटावर सरळ मांडून गॅलरीत उन्हात ठेवल्या. संध्याकाळी सगळ्या धनुष्य झालेल्या.

२२ फेब्रुवारी

कांडी लावली. तीन मिनिटांत घरभर ठसका. नवरा, मुलगा, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, सगळे खोकतायत. तिखट! काकांनी मशीन पुसलं होतं, पण मिरचीचा अंश वाळ्यात उतरलाच. आईंचे डोळे पाणावले, पण त्या हसत होत्या. "दृष्ट काढल्यासारखं झालं बघ," म्हणाल्या.

दळणाची सोय: आता एक छोटं हॅमर मिल भाड्याने मिळतंय, आयुर्वेदिक चूर्ण करणाऱ्या एका गृहस्थांचं. आठवड्यात एक सकाळ.

१ मार्च

जळण्याच्या चाचण्या. बंद खोली, पंखा बंद, मोबाइलवर घड्याळ. अकरा सेंटिमीटरची कांडी, सुमारे ०.८ ग्रॅम.

जिगट १५ टक्के: वळताना तुटते, जळते बरी, २६ मिनिटं. २० टक्के: ३२ मिनिटं, राख न तुटता बोटभर उभी राहते. २८ टक्के: जिगटाचाच वास वर येतो, ओलं गोणपाट. राळ ५ टक्के चालते. १२ टक्क्यांना टोकाशी बुडबुडे येतात, चिकट थेंब धरतो आणि कांडी विझते. गुग्गुळाचं तसंच. डिंक जातीची वस्तू वितळते आणि निखाऱ्याला गिळते. काहीजण यावर सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची चिमूट टाकतात. (आमचं भांडं सोऱ्या आणि तो क्षार सोरा, नावं जवळजवळ एकच, हा योगायोग.) मी टाकणार नाही. फटाक्याचा वास येतो.

चाचणी १, आईंचा निकाल: "वाळा येतोय, पण मागे मागे. नागरमोथा पुढे पुढे करतोय." नागरमोथा २० वरून १२, वाळा ४८.

२६ मार्च

माझी भाची ओसाकाला नोकरी करते, ती चार दिवस आली. येताना अवाजी बेटावरच्या धूपकांड्यांची पेटी. जपानमधला सुमारे सत्तर टक्के धूप त्या एका बेटावर होतो. इ. स. ५९५ मध्ये समुद्रातून वाहत आलेलं एक ओंडकं तिथल्या लोकांनी चुलीत घातलं, धुराचा घमघमाट सुटला, तेव्हा त्यांनी ते राजदरबारी नेलं, अशी तिथली जुनी नोंद आहे. ते अगरु. म्हणजे त्यांच्याकडेही दर्यामार्गेच.

कांड्या आमच्यासारख्याच, बिनकाडीच्या, पण किती सरळ! पट्टीने आखल्यासारख्या. "मावशी, ते सावलीत वाळवतात, वर फळी ठेवतात दाबून," भाचीने सांगितलं. पेटीवरचे घटक तिने वाचून दाखवले: चंदन, लवंग, ऊद, बरास. आई चष्मा सावरत म्हणाल्या, "हे तर आपल्याच डब्यातलं."

तिने आणखी एक वस्तू आणली. नखाएवढे अभ्रकाचे पातळ चौकोन, कडेला चांदीची रेघ. जुन्या पद्धतीत तिथे लाकूड जाळत नाहीत. वाडग्यात राख, राखेत पुरलेला निखारा, वर अभ्रक, अभ्रकावर लाकडाची चिमूट. धूर होत नाही, नुसतं तापतं. मी त्या दिवशी 'छान आहे' म्हणून ते कपाटात ठेवून दिलं.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा. जोतिबाच्या डोंगरावर आज दवणा आणि गुलाल. मंडईत सासवडकडून आलेला दवणा, ३० जुड्या घेतल्या. घरी येईपर्यंत रिक्षा, पिशवी, माझी ओढणी, सगळं दवणा.

या वासाचं वर्णन इतरांना करून सांगणं अवघड. थोडी पिकलेली फळं, थोडं सुकं गवत, थोडी आंबूस दारूची झाक, आणि मधेच देऊळ. मराठी घरातल्या चाळिशीपुढच्या कुणालाही हुंगायला द्या, डोळे मिटतात. हाच माझा मुख्य माल करायचा असं फेब्रुवारीपासून मनात आहे.

ओला २.४ किलो. सावलीत, दोरीवर उलटा.

२० एप्रिल

वाळून ४३० ग्रॅम. डबा उघडला की स्वर्ग.

कांडी केली. दवणा ५० टक्के. लावली. खाली गेले, वर आले. दारात वास: वणवा. शेत कापल्यावर धसकटं पेटवतात ना, तो. दवणा ७० टक्के करून पाहिला, तर जास्त धसकटं. आई काही न बोलता देवघरात गेल्या. त्यांचं न बोलणं हाच निकाल असतो.

दवण्याच्या तेलाची चौकशी केली. दहा मिलीचे पैसे ऐकून बाटली दुकानदाराच्या हातात परत दिली.

तीन दिवस चिडचिड.

८ मे

रात्री झोप येईना म्हणून कपाट आवरायला काढलं आणि अभ्रकाचे चौकोन सापडले.

सकाळी पितळी वाटीत चाळलेली राख, मधोमध कोळशाचा पेटता तुकडा, वर राखेची टेकडी, टेकडीला काडीने एक भोक, त्यावर अभ्रक. चिमूटभर दवणा. एक मिनिट काही नाही. मग आला. धूर नाही, धसकटं नाहीत, मंडईतून येतानाची रिक्षा. स्वयंपाकघरातून आईंची हाक, "अगं, दवणा कुठून आणलास या दिवसांत?"

कारण साधंच आहे, मला आधी सुचायला हवं होतं. कांडीच्या जळत्या टोकाशी कित्येक शे अंश तापमान असतं. वाळ्याच्या मुळातले जड घटक धुराबरोबर तगून वर येतात. दवण्याच्या पानाफुलांतलं हलकं तेल आधी उडतं किंवा मोडतं, आणि मागे राहतं ते गवत. जाळण्याऐवजी तापवलं तर तेल आख्खं वर येतं. अभ्रकावर लेझरचा थर्मामीटर खोटं सांगतो, म्हणून थर्मोकपलची तार टेकवून मोजलं. १४० ते १५० अंशांना दवणा सर्वांत गोड. १९० च्या पुढे काळा पडतो आणि पुन्हा धसकटं.

म्हणजे दोन माल: जाळायची कांडी वाळ्याची, तापवायचा दवणा.

२७ मे

यंदा पाऊस काल, २६ तारखेलाच आला. मुंबईत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. मे महिनाभर पुण्यातही वळीव सुरूच होता. बाल्कनीतल्या सहा ताटांत १.८ किलो कांड्या, अर्धवट ओल्या. आज फळी उचलली तर पांढरी लव. हात लावला की धूळ होऊन उडते. सगळं फेकलं.

आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे आषाढीचा माल वैशाखातच वळून व्हायचा. पाऊस लागला की पाट भिंतीला उभे." हे फेब्रुवारीत का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. "तू विचारलंस कुठे?"

१० जून

जुन्या लाकडी कपाटाचं वाळवणीचं कपाट केलं. खाली पंख्याचा छोटा मोटर, जाळीच्या फळ्या, वर भोकं, कोपऱ्यात आर्द्रतामापक. आर्द्रता ५५ च्या खाली ठेवली तर पाच दिवसांत कांडी वाळते. वजन दोन दिवस सलग तेच आलं म्हणजे झालं. गरम हवा नको, बाहेरून कडक आणि आत ओली राहते.

१८ जून

दवणा नुसता पूड करून विकला तर लोक तो उदबत्तीसारखा पेटवणारच. गोळी करायला हवी. पण पाण्याने बांधावी तर जिगट लागतं, आणि जिगटाचा वास तापवल्यावर उघडा पडतो.

उपाय आपल्या दशांगी धुपातच होता: मध. जपानमध्येही हेयान काळापासून, म्हणजे हजारेक वर्षांपासून, अशा मळलेल्या गोळ्या आहेत, नेरिको म्हणतात. मधात किंवा आंबट उमे फळाच्या गरात बांधायच्या आणि भांड्यात घालून जमिनीत पुरून मुरवायच्या. आपण लोणचं मुरवतो तसं.

घाणा: दवणा १२०, ऊद ४०, कपूरकाचरी ३०, नागरमोथा ३०, लवंग ६, लाकडी कोळशाची पूड १४, मध १६०. कोळसा रंगाला आणि ओल शोषायला. मध कोमट करून थोडा थोडा घातला. हाताला तूप लावून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी तासाला ९० गोळ्या वळते. आई १६०, आणि वजनाने सारख्या. मी काट्यावर पाच-पाच तपासत होते, ०.८, ०.८, ०.७८, ०.८. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काटा बाजूला सरकवला.

४७० गोळ्या. चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला दादरा, पलंगाखाली. पुरायला जमीन कुठली, चौथा मजला.

६ जुलै

आषाढी. काम बंद. आई दिवसभर टीव्हीवर चंद्रभागा बघत होत्या.

१७ जुलै

सतत पाऊस, दळणवाले गृहस्थ गावाला. वाचन केलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंधी द्रव्यं मिसळण्याच्या कलेचा, एक अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून कुठलीही चार घ्यायची तर किती प्रकार होतात याचा हिशेब त्याने मांडलाय: १८२०. सहाव्या शतकातला माणूस, आणि बरोबर आहे, मी कागदावर करून पाहिलं. माझ्या फळीवर चौदा बरण्या. त्यांतून चार म्हणजे १००१. दिवसाला एक चाचणी केली तरी पावणेतीन वर्षं.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. इथल्या, पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या सुगंधशास्त्राच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलं. त्यांनी उजेडात आणलेल्या पोथ्यांत 'गंधवाद' नावाची एक आहे आणि तिच्यावर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर कुणा अनामिक मराठी माणसाच्या धुपाच्या नोंदी पडून होत्या. त्याला कांडपातल्या मिरचीचा त्रास झाला नसावा. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली.

२ ऑगस्ट

गौरी-गणपतीसाठी तिसरा वास, केवडा. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात केवड्याची फुलं तांब्याच्या डेगेत उकळून अत्तर काढतात. त्यातलं थोडं आणलं. स्वस्त केवडा कुठेही मिळतो, कारण त्या वासातला मोठा वाटा एकाच रसायनाचा असतो आणि ते कारखान्यात होतं. मला त्या रसायनाचं वावडं नाही, प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय. पण शेजारी शेजारी लावून पाहिलं तर स्वस्तातला केवडा पाच मिनिटांनी डोक्यात जातो आणि अत्तराचा कोपऱ्यात बसून राहतो. आईंनी न सांगता ओळखला.

खोके छापून आले. निर्मात्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन २० ग्रॅम, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत १६० रुपये, ग्रॅमला ८ रुपये, तक्रारीसाठी फोन. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत लागतं ते सगळं आहे. मोठ्या अक्षरांत नाव मात्र: केवढा.

तीनशे खोके. केवढा! मुलगा खोका हातात घेऊन म्हणाला, "एवढा." छापखान्याला फोन करून तावातावाने बोलले. त्यांनी शांतपणे मंजुरीच्या कागदाचा फोटो पाठवला. खाली सही माझी. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या लेबलांवरच्या चुका शोधायची मी.

वरून चिकटपट्ट्या छापून घेतल्या. १,१०० रुपये.

३० ऑगस्ट

सोसायटीच्या गणपतीत टेबल, तीन दिवस. ६४ खोके, १७ डब्या दवणा (बारा गोळ्या, बरोबर अभ्रकाचा एक तुकडा, २४० रुपये). आकडा बरा दिसतो, पण जे पाहिलं ते लिहायला हवं.

दहातल्या आठ बायका खोका उघडतात, नाकाशी नेतात, भुवया वर करतात. "वास नाही हो येत काही." शेजारच्या टेबलावर तेलात बुडवलेल्या बत्त्या. वेष्टनातूनच सुगंधाची भिंत उभी. आमच्या कांडीला न जळता जो वास असतो तो वाण्याच्या फडताळाचा. मंडपात पेटवून दाखवायला बंदी, आगीमुळे, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या रात्री मी मोह आवरला नाही. खोक्याच्या आतल्या कागदावर वाळ्याच्या तेलाचा एक-एक फवारा. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं की मस्त वास, अकरापर्यंत बावीस खोके गेले. आई दुपारी टेबलावर आल्या, एक खोका उघडला, हुंगला, मिटला. "हा कांडीचा वास नाहीये," एवढंच.

मी म्हटलं, आई, वाळ्याचंच तेल आहे, खोटं काही नाही त्यात. त्या म्हणाल्या, "मग घरी जाऊन लावल्यावर हाच येईल का?"

नाही येणार. उरलेल्या खोक्यांतले कागद बदलले. त्याऐवजी एकेक सुटी कांडी कागदाच्या पुडीत घालून फुकट वाटली. पुडीवर हाताने लिहिलं: घरी लावा, बाहेर जाऊन परत या. साठ पुड्या गेल्या. विक्री दुपारनंतर चार खोके.

९ सप्टेंबर

त्या साठांतले एकोणीस फोन आले आहेत. एकीने सांगितलं, तिच्या वडिलांनी दारातच विचारलं, माठात वाळा टाकलाय का.

एक फोन वेगळा. बाईंच्या मुलाला दमा, कांडी लावल्यावर त्रास झाला. तिखटाचा नव्हे, धुराचाच. धूर म्हणजे धूर, मूळ नैसर्गिक असलं तरी कण फुप्फुसात जातातच. पैसे परत पाठवले. पुढच्या छपाईत लेबलवर ठळक: खिडकी उघडी ठेवा, दम्याच्या किंवा लहान बाळाच्या खोलीत लावू नका. भाचा म्हणतो, असं लिहिल्याने खप कमी होईल. होऊ दे.

२१ सप्टेंबर

उद्या घटस्थापना. जूनची पहिली बरणी गणपतीआधी काढली तेव्हा गोळ्या चांगल्याच होत्या. आज तळाच्या उरलेल्या आठ काढल्या, तीन महिन्यांच्या. लवंगेचा टोचरेपणा गेलाय, मध दवण्यात विरघळलाय. दुसरा घाणा (दवणा २४०) ऑगस्टमध्ये मळलेला, तो अजून कच्चा. दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

मदतीला खालच्या मजल्यावरच्या वहिनी येतात, कांड्या वळायला. किलोवर पैसे ठरवले होते, पण त्यांच्या कांड्या माझ्याहून सरळ येतात आणि त्या माझ्या अडाणीपणामुळे दोनदा वळतात (पीठ मी सैल मळते). आता तासावर.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. हिशेब, फेब्रुवारीपासून.

कांड्यांचे ४१२ खोके, ६५,९२० रुपये. दवण्याच्या १०८ डब्या, २५,९२०. जमा ९१,८४०.

कच्चा माल आणि दळण १४,३००. खोके, लेबलं, 'केवढा' धरून, १७,८५०. वहिनींची मजुरी २१,६००. टेबलांची भाडी ६,५००. कुरिअर ४,२००. कपाट, काटा, थर्मोकपल, चाळण्या ९,४००. खर्च ७३,८५०.

उरले १७,९९०. नऊ महिने. महिन्याला दोन हजाराला जेमतेम एक रुपया कमी, आणि त्यात माझे तास धरलेले नाहीत, आईंचे तर नाहीतच. आईंना पाच हजारांचं पाकीट दिलं. त्यांनी ते मोजलं, त्यातले पाचशे काढून मला परत दिले. "त्या १.८ किलोचे. मी आधी सांगायला हवं होतं."

खोक्यांवरचा खर्च कच्च्या मालापेक्षा जास्त आहे, हे लाजिरवाणं आहे. पुढच्या खेपेला साधी कागदी नळी, वर शिक्का.

९ नोव्हेंबर

दवणा संपला. ११७ डब्या भरल्या होत्या. १०८ गेल्या, चार नमुन्याला, एक ओसाकाला, तीन फुटक्या गोळ्यांच्या, त्या घरी. एक सापडत नव्हती.

आज सकाळी दळणाहून परतले, दार उघडलं आणि दारातच दवणा. आई देवघरात, समोर पितळी वाटी, राखेची टेकडी माझ्याहून नीट. अभ्रकही बरोबर बसवलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

रोज दोन-तीन जण विचारतात, दवणा कधी. चैत्राशिवाय नाही, म्हणून सांगते. काहींना राग येतो. सासवडच्या शेतकऱ्याशी बोलणं झालं: पुढच्या चैत्रात १२० जुड्या, अर्धे पैसे आगाऊ. वाळवायला बाल्कनी पुरणार नाही. सोसायटीच्या गच्चीवर दोऱ्या बांधायची परवानगी काढायची आहे. अर्ज उद्या.